वडिलांजवळ बसून काय बघावं? मी 'श्वास' सांगेन

तुम्ही लिहिलंय की वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला, आता ते घरीच असतात, फारसं बोलत नाहीत. त्यांच्याजवळ बसून बघता येईल असा मन हलकं करणारा सिनेमा किंवा मालिका सुचवा, पण बघून स्वतःला खरंच काही झालं असेल तरच सुचवा. या शेवटच्या अटीमुळे लिहायला बसलो.

मी अमळनेर तालुक्यातला. बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे, घरी कापसाची शेती. 'श्वास' पहिल्यांदा बघितला तो २००४ साली, जळगावला कॉलेजात असताना. तेव्हा सगळीकडे त्याचीच चर्चा होती. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालेलं, भारतातर्फे ऑस्करला निवड झालेली, आणि तिकडच्या प्रचाराच्या खर्चासाठी लोक वर्गणी काढत होते. थिएटरात मी रडलो, मित्रही रडले, बाहेर येऊन चहा प्यायलो आणि खोलीवर गेलो. तेवढंच. तेव्हाचं रडणं खरं होतं, पण ते त्या संध्याकाळपुरतं होतं.

गोष्ट तुम्हाला माहीत असेल, तरी थोडक्यात सांगतो. कोकणातला एक आजोबा नातवाला, परशाला, डोळे दाखवायला शहरात आणतो. निदान होतं डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगाचं. पोराचा जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनच्या आधी मुलाला हे सांगितलंच पाहिजे. आजोबाला ते सांगवत नाही. आणि ऑपरेशन लांबतं तेव्हा हा म्हातारा कुणाला न सांगता नातवाला दवाखान्यातून बाहेर घेऊन जातो, डोळे आहेत तोवर त्याला जग दाखवायला. अरुण नलावडे आजोबा, अश्विन चितळे परशा. दिग्दर्शक संदीप सावंत.

दुसऱ्यांदा बघितला तो आईसोबत, आणि खरं सांगायचंय ते इथून पुढचं.

आईची नजर दोन-तीन वर्षांपासून कमी होत होती, आणि ती कशी कमी होतेय हे आम्हाला कळत नव्हतं. समोरचं नीट दिसायचं. सुईत दोरा ओवायची, तांदळातले खडे वेचायची. पण डाव्या हाताला ठेवलेला पाण्याचा तांब्या हटकून लवंडायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावर मांडे करताना डावीकडची कड करपायला लागली. जन्मभर जिच्या मांड्याला कधी डाग पडला नाही, ती बाई करपलेली कड मोडून हळूच बाजूला ठेवायची. आम्ही समजलो, वय झालं. एका डॉक्टरांनी दोनदा चष्मा बदलून दिला. तिसऱ्यांदा मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा तिला एका यंत्रासमोर बसवलं, हातात बटण दिलं, प्रकाशाचा ठिपका दिसला की दाबायचं. त्याचा कागद छापून आला. मधे थोडी पांढरी जागा आणि भोवती सगळं काळं. काचबिंदू, दोन्ही डोळ्यांत, डावा जास्त.

मोतीबिंदू आणि काचबिंदू, नावं सारखी वाटतात म्हणून सांगतो. मोतीबिंदू काढता येतो आणि नजर परत येते. काचबिंदूत डोळ्याच्या आतल्या दाबानं मागची नस खराब होते, आणि गेलेली नजर कशानंही परत येत नाही. रोज थेंब टाकून, कधी ऑपरेशन करून, दाब कमी ठेवायचा आणि उरलेली नजर सांभाळायची, एवढंच हातात असतं. घरात एकाला असेल तर सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी तपासून घ्यावं. मी घेतलं आहे. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकानं डोळ्यांचा दाब तपासावाच, हे हात जोडून सांगतो.

हे सगळं डॉक्टरांनी मला केबिनमध्ये सांगितलं. आई बाहेर बाकावर बसली होती. मी बाहेर आलो आणि म्हणालो, "माय, मोतीबिंदू शे. पिकना की काढू." रस्त्यात भावाला फोन केला, त्यालाही तेच सांगायला सांगितलं. आम्हाला वाटलं, तिचं मन राखलं.

दिवाळी होऊन गेल्यावरच्या एका रविवारी दुपारी 'श्वास' लावला. मी लावला तो जुनी आठवण म्हणून, इतका विचार केला नव्हता. आई टीव्हीपासून तीन-चार हातांवर, खाली गोधडीवर. अहिराणी बोलणारी माझी आई सिनेमा गप्प बसून बघत नाही, पडद्यावरच्या माणसांशी बोलत असते. त्या दिवशी मात्र बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तो पोऱ्या आंधया व्हई जाई का आते?"

मी म्हटलं, हो.

"मंग त्याले सांगतस काबर नही?"

माझ्या हातात शेंगांची वाटी होती, ती तशीच राहिली. कॉलेजात बघितला तेव्हा मला वाटलं होतं की या सिनेमातला मोठा प्रसंग म्हणजे आजोबा नातवाला फिरवून आणतो तो. त्या दुपारी कळलं की त्याच्या आधीचं, आजोबाला तोंडातून शब्द काढता येत नाही, ते सगळं माझ्याबद्दल आहे. अरुण नलावड्यांनी तो आजोबा कसा केलाय बघा. माणूस बोलायला तोंड उघडतो आणि दुसरंच काहीतरी बोलून जातो. मी वर्षभर तेच करत होतो.

रात्री नऊला थेंब टाकायची वेळ. तिला आडवं करायचं, खालची पापणी बोटानं थोडी ओढायची, एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात न उतरता डोळ्यातच राहतं. पाच मिनिटांनी दुसरी बाटली. त्या दोन मिनिटांत तिचे डोळे मिटलेले असतात आणि माझं बोट तिच्या नाकाशी. तेव्हाच सांगितलं. ती माझ्याकडे बघत असती तर मला जमलं नसतं. मोतीबिंदू नाही, ऑपरेशन करून नजर परत येणार नाही, आहे ती टिकवायची आहे, सगळं.

तिनं डोळे उघडले नाहीत. दोन मिनिटं होऊन गेल्यावर म्हणाली, "माले काबर सांगं नही?"

नंतर तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढलं, दुकानाचा डबा भरून दिला, पण बोलली नाही. चौथ्या दिवशी कारण कळलं. नंदुरबारला तिची मोठी बहीण असते, आता ऐंशीच्या घरातली. मावशीचे गुडघे गेलेत, ती येऊ शकत नाही. आई वर्षभर तिकडे जायचं लांबवत होती. मनात धरून बसली होती की ऑपरेशन होईल, मग नीट दिसेल, मग बहिणीला डोळे भरून बघू. मी मन राखायला म्हणून जे खोटं बोललो, त्या खोट्यावर तिनं तिचं वर्ष काढलं होतं. आजवर मला कुणाचं इतकं वाईट वाटलेलं नाही.

त्याच आठवड्यात निघालो. अमळनेरहून सुरतेकडच्या गाडीनं नंदुरबार काही लांब नाही. नरडाणा, दोंडाईचा, मग नंदुरबार. डिसेंबर होता, म्हणजे मिरचीचा हंगाम. शहराबाहेर व्यापाऱ्यांच्या पथारी पसरलेल्या असतात, नजर जाईल तिथवर ओली लाल मिरची वाळत घातलेली, आणि तोंडाला फडकं बांधून बाया ती खालीवर करत असतात. रिक्षा आधी तिकडे घेतली. आई उतरली. नळीतून बघितल्यावर दिसावं तेवढंच तिला एका वेळी दिसतं, म्हणून तिनं मान अगदी डावीकडे नेली आणि तिथून हळूहळू उजवीकडे फिरवत आणली, मधे न थांबता, शेवटच्या टोकापर्यंत. मग तशीच परत. ठसका लागला, डोळ्यांना पाणी आलं, पदरानं पुसलं आणि पुन्हा डावीकडून सुरुवात केली. "कितली लाल शे रे!" एवढंच म्हणाली.

मावशीकडे दोघी समोरासमोर बसल्या. आईनं तिचा चेहरा दोन्ही हातांनी धरला आणि जिथून तिला पूर्ण दिसतो तेवढ्या अंतरावर आणून ठेवला. मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

आता तुमच्या वडिलांसाठी. 'श्वास' लावा, पण ते दुपारी जेवून ताजेतवाने असतील तेव्हा, आणि तुम्हाला नंतर तासभर रिकामा असेल तेव्हा. असा सिनेमा संपल्यावर माणसाला काहीतरी बोलायचं असतं, आणि पक्षाघातानंतर शब्द यायला वेळ लागतो. आजाराचं काही बघणं त्यांना नको वाटत असेल तर जबरदस्ती करू नका.

मग 'पंचायत' ही हिंदी मालिका बघा. पहिला भाग २०२० चा, छोटे छोटे आठ एपिसोड, फुलेरा नावाचं उत्तर प्रदेशातलं गाव. नोकरी मनाविरुद्ध लागलेला ग्रामसचिव आणि त्याला हळूहळू आपलंसं करणारी माणसं. माझ्या आईला प्रधानजी फार आवडतात, आमच्या गावचे एक माजी सरपंच हुबेहूब तसेच आहेत. पुढच्या भागांत राजकारण वाढलं, तिथे माझं मन तितकं रमलं नाही. दुसऱ्या भागाचा शेवट मात्र फार जड आहे, वडिलांसोबत बघण्याआधी तो एकटे बघून ठेवा.

आणि वडील सत्तरीचे असतील तर जुना 'श्यामची आई', अत्र्यांचा, १९५३ चा. राष्ट्रीय पुरस्कारांतलं पहिलंवहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं होतं, आणि मराठीला तो मान पुन्हा मिळायला 'श्वास'पर्यंत पन्नास वर्षं जावी लागली. आम्हा अमळनेरकरांना त्याचं जास्तच अप्रूप, कारण साने गुरुजी इथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. आईनं तो लहानपणी गावात पडद्यावर बघितलेला. श्यामच्या पायाला माती लागू नये म्हणून त्याची आई पदर पसरते, तो प्रसंग आला की ती अजूनही स्वतःचा पदर हातात घेते. तुमच्या वडिलांनीही तो कधी तरी बघितलाच असेल. त्यांना विचारा, कुठे बघितला, सोबत कोण होतं. उत्तराची घाई करू नका, सिनेमा थांबवून ठेवा.

आवाज थोडा मोठा ठेवा. आणि त्यांच्या औषधाची वेळ मधे येणार नाही, असं बघून सुरू करा.