आधी महिना सांग, मग देश

म्हापसा
जूनचा पहिला आठवडा

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही तिघी मैत्रिणी पहिल्यांदाच परदेशी निघालाय, चवथीच्या धामधुमीआधी रजा मिळतेय, आणि फुकेत, बाली की श्रीलंका इथे गाडी अडलीय. आई धास्तावलीय. म्हणून तू लिहिलंस, "यातला सगळ्यांत सुरक्षित देश कुठला तेवढं सांग, म्हणजे तिला दाखवते."

तेवढंच सांगून भागणार नाही, म्हणून हे लांब पत्र. ट्रॅव्हलच्या कचेरीत माझी उमेदीची वर्षं गेली आणि काउंटरवर सगळ्यांत जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच. मी उलट विचारायची, महिना कुठला? कुठल्या बाजूचा किनारा? रात्री जेवून खोलीवर कशा परतणार? तू गोव्यात वाढलीस, तुला हे पटायला वेळ लागू नये. उद्या नागपूरहून कुणी फोन करून "गोवा सेफ आहे ना?" म्हणून विचारलं तर तू एका शब्दात काय सांगशील? जानेवारीत सकाळी पाळोळ्याला खुशाल पोहा म्हणशील. आता या दिवसांत बागा-हणजुण्याला गुडघाभर पाण्यातही उतरू नका म्हणशील. आणि मध्यरात्रीनंतर भाड्याच्या स्कूटरवरून शिवोलीच्या अंधाऱ्या रस्त्याने येऊ नका, हे तर हात जोडून सांगशील. गोवा तोच. स्वतःच्या किनाऱ्याकडे बघण्याची ही जी नजर तुझ्याकडे आहे, तीच परदेशात घेऊन जा एवढंच माझं म्हणणं आहे.

पाण्यापासून सुरुवात करते. सुट्टीवर निघालेला माणूस घाबरतो बॉम्बला आणि बुडतो कमरेएवढ्या पाण्यात. पाऊस जरा उघडला की कांदोळीला जीवरक्षकांच्या मनोऱ्यापाशी कोरड्या वाळूवर पंधरा मिनिटं नुसती उभी राहा आणि बघ. लाटा फुटतात तिथे पांढरा फेस दिसतो. मध्येच एखादा पट्टा असा असतो की तिथे लाट फुटतच नाही. पाणी गडद, सपाट, कधी वाळूने गढूळ झालेलं, आणि फेस, काटक्या, पिशव्या त्या पट्ट्यातून बाहेरच्या दिशेने सरकताना दिसतात. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो, कारण तिथलं पाणी शांत दिसतं. खरं तर लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी त्याच वाटेने परत दर्यात जात असतं आणि माणसालाही नेतं. त्यात सापडलीस तर किनाऱ्याकडे तोंड करून झटायचं नाही. चांगला पोहणाराही तिथे दमतो, आणि दमल्यावर बुडतो. तरंगत राहा, एक हात वर कर, ओढ कमी झाली की किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला हो आणि मग लाटांबरोबर आत ये. ही ओढ बालीलाही आहे, फुकेतलाही आहे. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधलं पाणी पोहायचं, लाल झेंडा असेल तिथे उतरायचं नाही, हा नियम आपल्या किनाऱ्यांवर जीवरक्षक पुरवणाऱ्या दृष्टी कंपनीच्या माणसांनी 2008 पासून इथे रुजवला आहे आणि तोच तिकडेही चालतो. फक्त एक लक्षात ठेव, आपल्याकडे मोठ्या किनाऱ्यांवर जीवरक्षक असतोच, तसा तो तिकडच्या प्रत्येक पुळणीवर असेल हे गृहीत धरू नकोस.

आता तुझा जुलै. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते. ती माशांच्या विणीसाठी तर आहेच, पण या दिवसांत दर्यात जायचं नसतं हे रापणकाराला कायद्याने शिकवावं लागलं नाही. जो नैर्ऋत्येचा वारा आपला दर्या खवळतो, तोच पुढे अंदमान समुद्र ओलांडून फुकेतवर आदळतो. फुकेतच्या पश्चिमेकडच्या पुळणी, कारोन, काता, मे ते ऑक्टोबर लाल झेंड्यांनी भरलेल्या असतात. हॉटेलं त्या काळात स्वस्त का होतात याचं कारण हेच. 5 जुलै 2018 रोजी याच मोसमात फुकेतजवळ फिनिक्स नावाची पर्यटक बोट वादळात उलटली आणि 47 चिनी पर्यटक गेले. म्हणून तुमच्या यादीतून फुकेत या वेळेपुरतं मी काढून टाकते. थायलंडलाच जायचं मनात असेल तर पलीकडच्या आखातातलं सामुई बघा, जुलैत ती बाजू बरीच शांत असते. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा.

श्रीलंकेचंही तसंच. इन्स्टाग्रामवर तू पाठवलेले मिरिस्सा आणि उनवटुनाचे फोटो डिसेंबर ते एप्रिलचे असणार. जुलैत ती दक्षिण-पश्चिम बाजू आपल्यासारखीच खवळलेली असते. त्याच वेळी पूर्वेला पासिकुडा आणि त्रिंकोमाली छान असतात. पासिकुडाचा उपसागर तर इतका उथळ आहे की बरंच आत चालत गेलं तरी पाणी कमरेशीच राहतं. तुमच्यापैकी एकीला पोहता येत नाही असं तूच लिहिलंयस, तेव्हा हा मुद्दा मला सगळ्यांत मोठा वाटतो.

बालीत जुलै म्हणजे कोरडा हंगाम. पाऊस नाही, म्हणून सगळे तिथेच धावतात. पण याच महिन्यांत दक्षिणेकडून मोठ्या लाटा येतात आणि कुटा, चांगू, उलुवाटूचं पाणी सर्फिंगवाल्यांना लाभतं, तुम्हाला नाही. सानूर आणि नुसा दुआ प्रवाळाच्या आड आहेत, तिथे पोहता येतं. बाली ठरलं तर मुक्काम सानूरला करा. चांगूला संध्याकाळी जाऊन सूर्यास्त बघा आणि परत या.

बोटीच्या सहलींबद्दल थोडंच. 2024 च्या नाताळात कळंगुटला पर्यटकांची बोट उलटली, ते तुला माहीत आहे. बोट भरलेली दिसली, लाइफ जॅकेट गाठोड्यात बांधलेली दिसली किंवा आकाश काळवंडलं, की पैसे बुडाले तरी चालतील, उतरून यायचं. तिघींपैकी एकीने जरी "नको" म्हटलं तर तिघींनी उतरायचं, हे घरूनच ठरवून निघा. बोटीवर वाद घालायला वेळ नसतो.

आणि 26 डिसेंबर 2004 ची त्सुनामी विसरू नका. फुकेतच्या माई खाओ पुळणीवर दहा वर्षांची एक ब्रिटिश मुलगी होती. शाळेत भूगोलाच्या तासाला शिकलेलं तिला आठवलं, समुद्राची विचित्र हालचाल तिने ओळखली, आईवडिलांना ओढून नेलं आणि पुळण रिकामी झाली. श्रीलंकेचा पूर्व किनारा त्या दिवशी धुऊन गेला होता. पोचल्या दिवशी उंच जागा कुठे आहे ते बघून ठेवा, धरणी जोरात हलली किंवा पाणी अचानक मागे हटलं तर मोबाइल काढून चित्रं घेत उभ्या राहू नका. यापलीकडे त्याची भीती बाळगण्यात अर्थ नाही.

रस्त्याविषयी मात्र मी कडक बोलणार आहे. तू म्हापशाच्या बाजारातून स्कूटर काढतेस म्हणून तुला वाटतं बालीतही जमेल. गाडी डाव्याच बाजूने चालते, तेवढं खरं. बाली, थायलंड, श्रीलंका तिन्हीकडे डावीच बाजू आहे. पण आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना खिशात नसेल तर पडल्यावर विमा कंपनी हात वर करते, आणि तिथल्या खासगी रुग्णालयाचं बिल पाहून घरी जमीन विकायची वेळ येते. हा परवाना एक वर्ष चालतो, आता अर्ज केलास तर जुलैपर्यंत हातात येईल. श्रीलंकेत तो पुरेसा नाही, तिथे स्थानिक मान्यताही घ्यावी लागते. माझं ऐकशील तर तिघींनी स्कूटर घेऊच नये. आपल्याकडे काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या गाडीवरून बिनहेल्मेटचे पाहुणे जाताना बघून तुझा जीव वरखाली होतो ना? तिकडे तुम्ही तेच पाहुणे असाल. घेतलीच तर पासपोर्ट तारण ठेवायचा नाही, झेरॉक्स आणि पैसे ठेवा. गाडी हातात घेण्याआधी चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, म्हणजे जुना ओरखडा तुमच्या नावावर येणार नाही. थायलंडात जेट-स्कीवाल्यांचं हे भांडण कुप्रसिद्ध आहे.

कुत्र्यांचं सांगायला हवं, कारण हे गोवेकरणीलाच कळणार नाही. आपल्या पुळणीवरच्या कुत्र्यांना तुम्ही बिस्किटं घालत वाढलात. लसीकरणाची मोठी मोहीम झाली आणि 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. बालीत 2008 पासून रेबीज आहे. कुत्र्याने किंवा उलुवाटूच्या माकडाने नुसतं ओरबाडलं तरी साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस. घरी आल्यावर बघू, हे चालणार नाही.

दारू प्या की नको हे मी सांगणार नाही, तुम्ही मोठ्या आहात. पण इंडोनेशियात स्वस्त गावठी अराकमध्ये मेथॅनॉल मिसळल्याने माणसं मेली आहेत, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये लाओसच्या वांग व्हिएंगला सहा परदेशी पर्यटक तसेच गेले. सीलबंद बाटली तुमच्यासमोर उघडलेली, किंवा बिअरचा कॅन. बादलीत आलेलं, फुकट मिळालेलं काही नको. दुसऱ्या दिवशी नजर धूसर झाली, धुक्यातून बघितल्यासारखं वाटलं, तर तो नेहमीचा हँगओव्हर नव्हे. सरळ रुग्णालय गाठायचं. अमली पदार्थांबद्दल एकच ओळ, इंडोनेशियात त्यांच्या तस्करीला मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. कुणाचंही पार्सल, कुणाचीही पिशवी हातात घेऊ नका.

राहण्याची जागा निवडताना फोटोतला तलाव बघू नका. नकाशा उघडा आणि जेवणाच्या जागेपासून खोलीपर्यंतचं अंतर बघा. एकट्यादुकट्या पाहुणींनी रात्रीबद्दल काय लिहिलंय ते वाचा. बालीत काही वस्त्यांत ॲपची टॅक्सी आत येऊ देत नाहीत. आपल्याकडचा टॅक्सीचा वाद माहीत असल्याने तुला ते समजेल, पण रात्री अकराला मुख्य रस्त्यापर्यंत चालत जावं लागेल का, हे आधी विचारून घ्या. श्रीलंकेला गेलात तर विमान रात्री उतरत असेल त्या रात्री नेगोम्बोत राहा, ते विमानतळाजवळच आहे. पासिकुडाचा सहा-सात तासांचा रस्ता दिवसाउजेडी करा. आणि कुठल्याही क्लबमध्ये शिरलात की बाहेर पडायची दुसरी वाट कुठे आहे ते बघूनच बसा. हडफड्याला डिसेंबर 2025 मध्ये क्लबला लागलेल्या आगीत 25 माणसं गेली, ती जागा तुझ्या घरापासून किती लांब आहे?

सरकारी सूचनांबद्दल तू विचारलंस. ब्रिटनचं परराष्ट्र खातं आणि ऑस्ट्रेलियाचं स्मार्टट्रॅव्हलर ही पानं मी नेहमी वाचत आले. ती वाचायची रीत मात्र आहे. भारताविषयीच्या ब्रिटिश सूचनांत लैंगिक हल्ल्यांच्या संदर्भात गोव्याचं नाव येतं. वाचून आपल्याला लागतं, पण ते खोटं नाही, आणि म्हणून गोव्यात येऊच नये असाही त्याचा अर्थ नाही. तेव्हा देशाला दिलेला धोक्याचा रंग बघून पान मिटू नका. गावाचं नाव, तारीख, कारण शोधा. ऑक्टोबर 2024 मध्ये अमेरिकी दूतावासाने श्रीलंकेच्या अरुगम बेबद्दल हल्ल्याचा इशारा दिला, तो एका गावाचा आणि त्या दिवसांचा होता. असा नेमका इशारा आला तर तिकीट बदलायचं, मोघम असेल तर सावध राहून जायचं. निघण्याच्या आठवड्यात पुन्हा वाचा.

विमा घेताना एजंटला तोंडी विचारू नकोस, वगळलेल्या गोष्टींचं पान मागून घे. दुचाकी, दारू पिऊन झालेला अपघात आणि पाण्यातले खेळ बहुधा तिथेच असतात. स्नॉर्केलिंग करणार असाल तर ते धरलंय का ते लेखी घे.

माझं मत विचारशील तर तिघींपैकी एक पोहत नाही हे लक्षात घेता पासिकुडा, आणि ते फार निवांत वाटलं तर सानूर. श्रीलंकेत 1990 हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आहे, 2016 मध्ये भारताच्या मदतीने ती सेवा सुरू झाली. कोलंबोला आपलं उच्चायुक्तालय, बालीत वाणिज्य दूतावास. दोन्हींचे क्रमांक कागदावर लिहून पाकिटात ठेवा, मोबाइल हरवला तर मोबाइलमधले क्रमांकही जातात.

आईला पत्र दाखव, पण तेवढ्यावर भागवू नकोस. तिला समोर बसवून नकाशावर हॉटेल दाखव, मैत्रिणींच्या आयांचे क्रमांक तिच्याकडे दे, आणि रोज किती वाजता मेसेज करणार ते ठरव. मेसेज आला नाही तर तिने किती तास थांबायचं आणि मग कुणाला फोन करायचा, तेही तिला लिहून दे. तारखा पक्क्या झाल्या की हॉटेलांची नावं मला पाठव, पैसे भरण्याआधी. मी एकदा नजरेखालून घालते.

तुझी,
मावशी