‘सेमिनारमध्ये सगळं डोक्यावरून गेलं, मला हे जमणारच नाही का?’

दापोली, चिपळूण, रत्नागिरी या भागातल्या कॉलेजांत मुलांशी बोलत असताना सेमिनारचा मोसम सरला की हा प्रश्न हमखास येतो. विषय बदलतो. कधी एआय, कधी सायबर सुरक्षा, सध्या क्लाउड. तक्रार मात्र तीच: बाकीच्यांना कळत होतं, मलाच काही कळलं नाही. पालकांचा फोन आला तर त्याचीच दुसरी बाजू ऐकू येते: तिथे कोर्स सांगितलाय, पैसे भरू का?

दापोलीजवळच्या हर्णैचा एक मुलगा असाच आला होता (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). बी.एस्सी. आयटीचं दुसरं वर्ष, वडिलांची मासेमारीची बोट. रत्नागिरीला दिवसभराचा क्लाउड कॉम्प्युटिंगचा सेमिनार करून आला आणि तेव्हापासून प्रॅक्टिकलला जाईना. मला म्हणाला, “मॅडम, आर्ट्सला बदली मिळते का हो?”

अशा वेळी ‘तू हुशार आहेस रे’ म्हणायचं मी टाळते. जो आतून स्वतःला नापास करून बसलाय, त्याला ती समजूत घालणं वाटतं, आणि असतंही तेच. मी म्हटलं, “सकाळपासून सांग. कुठपर्यंत कळलं आणि कुठे सुटलं?”

कळलेलं बरंच निघालं. क्लाउड म्हणजे आभाळात काही नाही, कुणाच्या तरी इमारतीतले सर्व्हर, म्हणजे मोठे संगणक, इंटरनेटवरून भाड्याने वापरायचे, एवढं पक्कं होतं. अ‍ॅमेझॉनने २००६ मध्ये साठवणुकीची जागा आणि संगणकाची ताकद अशी भाड्याने द्यायला सुरुवात केली, २०१६ मध्ये त्यांची मुंबईतली केंद्रं सुरू झाली, हेही लक्षात होतं. व्हर्च्युअल मशीनपर्यंत (सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभा केलेला वेगळा संगणक) गाडी नीट चालली. लोड बॅलन्सरला (येणारं काम अनेक सर्व्हरांत वाटून देणारी सोय) अडखळली, आणि कंटेनर, कुबरनेटिस, सर्व्हरलेस अशी नावं धडाधड यायला लागल्यावर सुटली. मग वक्त्यांनी विचारलं, “एनी डाउट्स?” सभागृह गप्प. शेजारची मुलं मान डोलवत होती. याच्या मनात प्रश्न होता, पण इंग्रजीत वाक्य जुळेना.

“सगळे गप्प बसले, त्याचा अर्थ तू काय काढलास?”

“त्यांना कळलंय.”

“आणि तू गप्प बसलास, त्याचा अर्थ त्यांनी काय काढला असेल?”

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग हसला.

याचा अभ्यास झालेला आहे. डेल मिलर आणि कॅथी मॅकफारलंड या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना मुद्दाम किचकट केलेला मजकूर वाचायला दिला होता. अडलं तर उठून विचारायची मोकळीक होती. कुणी उठलं नाही. मी लाजेने गप्प आहे, पण इतर गप्प आहेत ते त्यांना समजलंय म्हणून, असंच जो तो धरून चालला. हे सांगून मी त्याला एक काम दिलं: सेमिनारला आलेल्या दोन मित्रांना विचार, सर्व्हरलेसमध्ये सर्व्हर असतो की नसतो? एकाने छातीठोकपणे ‘नसतो’ म्हणून सांगितलं, दुसऱ्याने क्रिकेटचा विषय काढला. (असतो. फक्त तो सांभाळायचं काम आपल्याकडे नसतं.)

पुढच्या भेटीला मी त्याची वही मागवली. क्लाउडमधलं मला यथातथाच कळतं, आणि अशा वेळी त्याचा उपयोगच होतो. मुलाला खरोखर समजावून सांगावं लागतं. ‘वापराल तेवढे पैसे’ म्हणजे काय, असं विचारल्यावर तो म्हणाला, “बोट समुद्रात जाताना बर्फ भरतो ना, तसं. प्रत्येक बोटवाला बर्फाचा कारखाना काढत नाही. लागेल तेवढा घ्यायचा, तेवढ्याचे पैसे.” मग स्वतःच थांबला. “पण एक फरक आहे. बर्फ न वापरता ठेवला तर वितळून संपतो. इथे मशीन चालू ठेवून विसरलो तर बिल चढत राहतं.” डोक्यावरून गेलेल्या माणसाला हे सुचत नाही.

वहीत एका ओळीखाली दोनदा रेघ मारलेली होती: माहितीच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणच्या केंद्रांत ठेवतात, एक बंद पडलं तरी दुसरीकडून मिळते. रेघ का, विचारलं. ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. घराचे पत्रे उडाले आणि ट्रंकेतले दाखले, बोटीचे कागद भिजून लगदा झाला. तेव्हा तो शाळेत होता. नंतर कधीतरी डिजिलॉकरवर आपली गुणपत्रिका बघितली, तेव्हापासून ही माहिती नक्की राहते कुठे, हे त्याच्या डोक्यात होतं. आयटी घेण्याचं कारण हे होतं, आणि त्या दिवसाच्या अवघड नावांखाली ते पार दबून गेलं होतं. आर्ट्सचा विषय पुन्हा निघाला नाही.

सेमिनारमध्ये सांगितलेल्या कोर्सचं थोडक्यात सांगते. वडिलांचा फोन आला: “मॅडम, १ जूनला मासेमारीची बंदी लागली की हातात काय राहत नाही. आजच नाव दिलं तर सूट आहे म्हणतात. भरून टाकू का?” नका भरू, म्हटलं. आजच्या आज भरायला लावतात तिथे मी नेहमीच थांबा म्हणते. एनपीटीईएलवर (आयआयटींची व्याख्यानं ऑनलाइन देणारा सरकारी उपक्रम) आयआयटी खरगपूरचा क्लाउड कॉम्प्युटिंगचा कोर्स आहे. व्याख्यानं फुकट, परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क. हात बसवायला अझ्युर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेचं विद्यार्थी खातं क्रेडिट कार्डाशिवाय मिळतं. जिथे कार्ड मागतात तिथे वडिलांचं कार्ड जोडायचं नाही, ही अट मुलाने स्वतःच घातली. चालू राहिलेल्या मशीनचं बिल त्याला आठवत होतं.

आता तो शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट छोटंच घेतलंय: बोटीच्या डिझेल-बर्फाच्या नोंदी फोनवरून क्लाउडवर ठेवायच्या. इंग्रजीत हात वर करायला अजून जड जातं. प्रश्न मराठीत कागदावर लिहितो आणि व्याख्यान संपलं की वक्त्यांना बाजूला गाठतो. मध्यंतरी वडिलांनी विचारलं, “याचं काम हर्णैत बसून होईल ना?” मी सांगितलं, काही कामं घरूनही होतात, पण सुरुवातीला मुंबई-पुणं धरून चाला. ते गप्प झाले. बोट कोण बघणार, हे त्यांना विचारायचं असावं. मुलालाही ते ठाऊक आहे. पुढच्या भेटीला दोघं एकत्र येणार आहेत.