वाचकांचे प्रश्न : बदललेले सील पुन्हा का गळते?

प्रश्न : स. न. वि. वि. लष्कराने सेवेतून काढलेला एम-35ए2 जातीचा अडीच टनी ट्रक वडिलांनी फार वर्षांपूर्वी हौसेने घेतला आणि तो चालता ठेवण्याचे काम आता आम्हा दोघा भावांकडे आले आहे. मागे एकदा डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूने तेल ओघळू लागले, तेव्हा वडील, आम्ही दोघे आणि माझी 14 वर्षांची मुलगी अशा चौघांनी दोन दिवस खपून अ‍ॅक्सलचे आतले सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती बसून तेल अडवणारे कडे, बदलले. ट्रक जेमतेम 300 किलोमीटर चालला आणि तेच चाक पुन्हा ओले झाले. धाकट्या भावाच्या मते सीलच निकृष्ट होते, तर वडील म्हणतात की ते आम्ही नीट बसवले नाही. चाक पुन्हा उघडण्यापूर्वी काय पाहावे? शिवाय या कामात मुलीला कितपत घ्यावे, यावरही घरात एकमत नाही.

उत्तर : वडील आणि बंधू या दोघांपैकी कोणालाही बरोबर ठरवण्याआधी अ‍ॅक्सलच्या नळीवर बसवलेला लहानसा ब्रीदर, म्हणजे हवा जाण्यायेण्याचे छिद्र असलेले बूच, पाहावा, कारण आपल्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. ट्रक चालू लागला की डिफरन्शियलमधील (अ‍ॅक्सलच्या मधल्या गोळ्यातील दातेरी चक्रांमधील) तेल तापते, आतली हवा प्रसरण पावते आणि ती ब्रीदरवाटे बाहेर पडते. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीत हे छिद्र चिखल, रंग आणि गंज यांनी बुजलेले असते, त्यामुळे ती हवा बाहेर पडण्यासाठी सर्वांत दुबळी जागा शोधते, आणि ती जागा म्हणजे सीलची ओठपट्टी, शाफ्टला घासत राहणारी त्याची लवचीक कड. अशा अ‍ॅक्सलला कितीही उत्तम सील लावले तरी ते फार दिवस टिकणार नाही. ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुवावा, त्यातून तोंडाने फुंकर आरपार जाते की नाही हे पाहावे आणि जात नसेल तर सरळ नवा लावावा. त्याच वेळी तेलाची पातळीही तपासावी. ती भरण्याच्या बुचाच्या काठापर्यंतच असावी. घरातला कोणी तरी प्रेमाने वरून आणखी ओतत असेल तर तेही गळतीचे कारण असू शकते.

दुसरी खातरजमा अशी, की गळते आहे ते नेमके काय आहे. चाकामागे तीन वेगवेगळे पदार्थ जमू शकतात. डिफरन्शियलचे तेल जाड असते आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. ब्रेकचे द्रव पातळ असते, बोटांना निसरडे लागते आणि त्याला तसा वास नसतो. ते दिसले तर दोष चाकाच्या ब्रेक सिलिंडरचा आहे आणि सीलला हात लावण्याचे कारण नाही. तिसरे म्हणजे हबमधील, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बेअरिंगवर फिरणाऱ्या तुंब्यातील, ग्रीस. ते उष्णतेने पातळ होऊन ड्रमच्या काठाने उतरते आणि त्याचा संबंध अ‍ॅक्सलच्या आतल्या सीलशी नसून हबच्या सीलशी असतो. मागच्या वेळी ही ओळख न पटवताच काम झाले असेल, तर आपण निरपराध सील बदलून गुन्हेगाराला जागेवरच सोडले असेल. नकलवरचा, म्हणजे पुढचे चाक जिथे वळते त्या सांध्यावरचा, रबरी बूट दाबून पाहिला तरी पुष्कळ समजते. आतले सील गेले असेल तर डिफरन्शियलचे तेल बुटात उतरते, सांध्याचे ग्रीस त्यात विरघळते आणि बूट पाण्याच्या पिशवीसारखा जड लागतो.

ब्रीदर मोकळा निघाला आणि तेल डिफरन्शियलचेच ठरले, तर मात्र चाक पुन्हा उघडावे लागेल. या वेळी सीलपेक्षा अधिक लक्ष ते सील ज्यावर घासते त्या शाफ्टच्या पट्ट्याकडे द्यावे. या ट्रकच्या पुढच्या हबना सुटे करण्याची सोय मुळात नसल्याने पुढची चाके इंजिनाच्या जोराने फिरत नसली, तरी अ‍ॅक्सलचे शाफ्ट गाडीबरोबर सतत फिरतच राहतात आणि काही दशकांत सीलच्या ओठपट्टीखाली एक बारीक चर पडतो. नखाने चाचपून पाहावे. नख अडकले तर नवे सीलही त्याच चरात बसेल आणि काही दिवसांत गळेल. फक्त डाग असतील तर तेल लावलेल्या बारीक पॉलिश पेपरने, शाफ्टच्या परिघाच्या दिशेनेच, ते पुसून काढावेत; लांबीच्या दिशेने घासल्यास पडणारे ओरखडे तेलाला बाहेर येण्याची वाट करून देतात. चर खोल असेल तर त्यावर पातळ पोलादी बाही चढवणे किंवा सील मूळ जागेपासून थोडे आतबाहेर बसवून ओठपट्टी ताज्या पृष्ठभागावर आणणे, असे दोन उपाय आहेत. दुसरा उपाय फुकटात होतो, पण हाउसिंगमध्ये तेवढी जागा आहे का, हे आधी मोजून घ्यावे. शाफ्ट हाताने वर-खाली हलवूनही पाहावा. त्याला आधार देणारा बुश झिजला असेल तर शाफ्ट डोलतो, आणि डोलणाऱ्या शाफ्टला कोणतेही सील धरून राहू शकत नाही.

आता वडिलांच्या शंकेविषयी. सीलची स्प्रिंग असलेली बाजू ज्या तेलाला अडवायचे त्या तेलाकडे असावी, ओठपट्टीला आधी तेलाचा हात द्यावा आणि सील एका बाजूने ठोकत न नेता त्याच्या व्यासाच्या सपाट तबकडीने किंवा पाइपाच्या तुकड्याने चहूकडून सारखे आत बसवावे. हे आपण केले असेलच. तरीही बसवलेले चांगले सील फाटते ते बहुतेक वेळा त्यानंतर, शाफ्ट परत आत सारताना. शाफ्ट त्याच्या सांध्यासकट चांगलाच जड असतो, टोकाला स्प्लाइनचे, म्हणजे लांबीच्या दिशेने कोरलेल्या खाचांचे, धारदार दात असतात, आणि एकट्या माणसाने तो रेटला की त्याचा सगळा भार नव्या ओठपट्टीवर येतो. माझ्या अनुभवात अशा ‘निकृष्ट’ सीलांपैकी बरीचशी या एका क्षणी निकामी झालेली असतात. दुकानदाराला बोल लावणे सोपे असते, हा भाग वेगळा.

म्हणूनच चार माणसांचे घर इथे उपयोगी पडते. दोघा भावांनी शाफ्ट दोन्ही बाजूंनी उचलून धरावा, अशा रीतीने की तो सीलच्या छिद्रात तरंगत जाईल आणि ओठपट्टीवर टेकणार नाही. वडिलांनी बॅटरीचा उजेड आत टाकून वर, खाली, थांबा, एवढेच सांगावे, आणि इतरांनी त्या वेळी बोलू नये. स्प्लाइन डिफरन्शियलच्या दातांत बसत नसतील तर शाफ्ट हिसडण्याऐवजी पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (पुढच्या अ‍ॅक्सलकडे जोर नेणारा गाडीखालचा दांडा) हाताने किंचित फिरवावा. दात आपोआप जुळतात. इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलांना वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये पुढच्या चाकांची चाल सुटी असल्याची खात्री मात्र आधी करून घ्यावी.

मुलीला कामात जरूर घ्यावे, पण जॅकखाली नाही. रिकामा असतानाही हा ट्रक सहा टनांच्या घरात असतो आणि त्याचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागील शाफ्टवर लागतो. त्यामुळे मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावल्याशिवाय आणि अ‍ॅक्सलखाली भक्कम घोड्या दिल्याशिवाय कोणीही, मोठ्यांनीसुद्धा, चाक काढू नये. 9.00-20 आकाराचा टायर रिमसकट 100 किलोच्या आसपास भरतो. तो खाली उतरवताना मूल हाताच्या अंतरावर नसावे. रिम अनेक तुकड्यांचा असून कड्याने अडवलेला असतो, म्हणून हवा भरलेल्या चाकाच्या त्या कड्याला कोणीही पाना किंवा हातोडा लावू नये. जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून चालावे आणि ड्रम काढल्यावर धूळ हवेने फुंकू नये. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. हे पुसणे होईपर्यंत मुलीने दूरच राहावे.

त्यानंतर तिला देण्यासारखे काम भरपूर आहे. बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन, पुसून, प्रत्येक रोलर निळसर पडला आहे की खड्डे पडले आहेत हे पाहणे, आणि मग तळहातावर ग्रीस घेऊन ते रोलरांमधून वरच्या बाजूने उमटेपर्यंत दाबत राहणे, हे लहान हातांना मोठ्यांपेक्षा चांगले जमते. निघालेला प्रत्येक भाग क्रमाने मांडून त्याची नोंद ठेवण्याचे कामही तिलाच द्यावे. तिच्या वहीत पहिलीच ओळ अशी असावी, की डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे आहेत. हे विसरून दोन भाऊ एकाच पान्यावर उभे राहिल्याचे आणि नट सैल होण्याऐवजी स्टड तुटल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

तेलाने भिजलेले ब्रेक शू धुऊन परत लावू नयेत. लायनरमध्ये मुरलेले तेल उष्णतेने पुन्हा वर येते आणि ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते. शू बदलताना दोन्ही पुढच्या चाकांचे एकदम बदलावेत. बेअरिंगचा आतला नट चाक फिरवत घट्ट करून मग गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने सैल करावा, वॉशरची पाकळी मुडपावी, आणि पहिल्या 20-25 किलोमीटरनंतर थांबून दोन्ही हब हाताने चाचपावेत. डावा उजव्यापेक्षा जास्त तापला असेल तर नट अजून घट्ट असण्याची शक्यता आहे.

प्रश्न : माझ्याकडे लष्करी वेष्टनातली, कधीच न वापरलेली जुनी सील आहेत. ती लावावीत की आजची नवी घ्यावीत? नकलचा बूटही फाटला आहे. त्यासाठी सर्व खोलावे लागेल का?

उत्तर : वेष्टनावर छापलेली तारीख आधी वाचावी. रबर न वापरताही वयाने कडक होते, त्यामुळे काही दशकांपूर्वीचे सील दिसायला कोरे असले तरी त्याची ओठपट्टी नखाने दाबली असता परत उसळत नसेल, तर ते मांडून ठेवण्यापुरतेच आहे. ओठपट्टी चामड्याची असेल तर ती तेलात चांगली भिजवून, मऊ पडल्यावर वापरता येते. बुटासाठी सर्व खोलण्याची गरज नाही. चेन असलेले, उघडून गुंडाळता येणारे बूट मिळतात. ते बसवताना चेनची शिवण वरच्या बाजूला ठेवावी. पण फाटका बूट काढल्यावर आत ग्रीसऐवजी पातळ काळे तेल दिसले, तर नवा बूट बाजूला ठेवून आधी वरचे उत्तर वाचावे.