वाचक विचारतात : शिलालेखांवरून लॅटिन शिकता येईल का?

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. शाळेत संस्कृत होतं. रोममध्ये पँथिऑन या प्राचीन मंदिरावरची अक्षरं वाचता आली, अर्थ मात्र लागला नाही. परत आल्यावर व्याकरणाचं पुस्तक आणलं, पण त्यात मन रमेना. थेट शिलालेखांचं भाषांतर करत लॅटिन शिकता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जरूर येईल. पँथिऑनवर लिहिलंय ते एवढंच : ‘लूसिउसचा मुलगा मार्कुस आग्रिप्पा याने तिसऱ्यांदा कॉन्सुल असताना हे बांधलं.’ कॉन्सुल म्हणजे रोममधला वर्षभरासाठी निवडलेला सर्वोच्च अधिकारी. ते कॉन्सुलपद इ.स.पू. २७ चं. आजची इमारत मात्र सम्राट हेड्रिअनच्या काळात पूर्ण झाली. जुनं नाव त्याने तसंच राहू दिलं.

तुम्ही सुरुवात सैनिकांच्या थडग्यांपासून करा. इंग्लंडमधल्या चेस्टरला रोमन सैन्याच्या विसाव्या लीजनच्या (म्हणजे मोठ्या तुकडीच्या) सैनिकांची पुष्कळ थडगी सापडली आहेत. नाव, बापाचं नाव, गाव, वय, नोकरीची वर्षं, आणि शेवटी एच, एस, ई ही तीन अक्षरं : ‘हिक सितुस एस्त’, म्हणजे ‘इथे विसावला आहे’. साचा तोच असल्यामुळे चार-पाच दगड झाले की संक्षेप आपोआप फुटू लागतात. बापाचं नाव षष्ठीत येतं, हे तुम्हाला कुणी शिकवावं लागणार नाही.

मग इंग्लंडमधल्याच साउथ शील्ड्सला सापडलेल्या रेजिनाच्या थडग्याकडे या. विद्यार्थ्यांना मी हा दगड आवर्जून देते. सीरियातल्या पाल्मिराचा बाराटेस याने ब्रिटनमधल्या कातुवेल्लौनी जमातीच्या रेजिनाला दास्यातून मुक्त करून तिच्याशी लग्न केलं. ती तिसाव्या वर्षी गेली. दगडावर ती वेताच्या खुर्चीत बसली आहे, शेजारी लोकरीची टोपली आहे. लॅटिनमध्ये विभक्ती चुकली आहे : ‘पत्नीसाठी’ या अर्थी चतुर्थीचं ‘कोन्युगी’ हवं, तिथे ‘कोन्युगे’ कोरलंय. खाली त्याच्या मायबोलीतली एक ओळ आहे, नेटक्या अक्षरांत : ‘रेजिना, बाराटेसने मुक्त केलेली, हाय!’ ही चूक तुमची तुम्हाला सापडली, की चतुर्थी पक्की झाली असं समजा. तक्ते घोकून हे होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

व्याकरणाचं पुस्तक मात्र टाकून देऊ नका. थडग्यांवर क्रियापदं मोजकीच भेटतात : जगला, केलं, उभारलं. ‘जर-तर’ची वाक्यं तर क्वचितच. ज्युलिअस सीझरचं लेखन वाचायचं असेल तर ते धडे करावेच लागतील. दगड वाचताना जे अडेल त्याचा धडा आधी काढा.

‘रोमन इन्स्क्रिप्शन्स ऑफ ब्रिटन’ हा संग्रह इंटरनेटवर मोफत आहे. त्यात मूळ अक्षरं, संक्षेप फोडलेला पाठ आणि इंग्रजी भाषांतर मिळतं. भाषांतर झाकून ठेवा. आधी अक्षरं वहीत उतरवा, यू आणि व्ही दोन्हींसाठी व्हीच कोरलेला असतो हे लक्षात ठेवा, प्रत्येक नामाखाली विभक्ती लिहा, आणि मगच मराठी करा. इंग्रजीत नको, थेट मराठीत.