डबिंग लेकीला करायचंय की तुम्हाला?

सांगलीहून एका आईचं चार पानी पत्र आलंय. थोडक्यात मजकूर असा: मुलगी अकरावी कॉमर्सला, दहावीला ७८ टक्के. जपानी ॲनिमेशनपटांचं वेड. त्यातल्या पात्रांचे आवाज हुबेहूब काढते आणि तिच्या रील्सना वीसेक हजार फॉलोअर आहेत. 'द बॉय अँड द हेरॉन' या जपानी ॲनिमेशनपटाच्या इंग्रजी डबिंगमध्ये रॉबर्ट पॅटिन्सन, ख्रिश्चन बेल, फ्लॉरेन्स प्यू या हॉलिवूडच्या ताऱ्यांचे आवाज आहेत हे कळल्यापासून आईचा बेत ठरलाय. आधी मुलीला इन्स्टाग्रामवर सेलिब्रिटी करायचं, मग त्या नावावर तिला अशा डबिंगमध्ये घुसवायचं. मुंबईतल्या एका संस्थेचा एक लाख ऐंशी हजारांचा 'इंटरनॅशनल व्हॉइस' कोर्सही बघून ठेवलाय. प्रश्न दोन: मार्क कमी आहेत, चालतील का? आणि कोर्सला पैसे भरू का?

ताई, मार्क चालतील. या कामात कोणी मार्कशीट मागत नाही. कोर्सचं शेवटी सांगते.

मी अडकले ते तुमच्या तिसऱ्या पानावर. तिथे तुम्ही जाता जाता लिहिलंय की अमेरिकन ॲक्सेंट बसावा म्हणून वर्षभर घरात तिला मराठी बोलायला बंदी आहे, आजीशीसुद्धा. रोज एक रील गेलीच पाहिजे. शाळेपासून ती बालनाट्य स्पर्धांत काम करायची, तेही 'आवाजाला मराठी वळण लागतं' म्हणून थांबवलंत. आणि पुढचं वाक्य तर मी परत परत वाचलं: 'नाटक बंद केल्यावर दोन दिवस जेवली नाही, पण आता समजलंय तिला.'

काय समजलंय तिला? चार पानांत तिचं स्वतःचं एक वाक्य नाही. 'आम्ही ठरवलं', 'आमचं ध्येय', 'आमचे फॉलोअर'. डॉक्टर-इंजिनिअर करायला निघालेले आईबाप आपल्याकडे पैशाला पासरी आहेत, त्यांना आपण नावं ठेवतो. तुम्ही मुलीला तिच्या आवडीच्या क्षेत्रात पाठवताय, म्हणून हा दबाव नाही असं तुम्हाला वाटतंय. दबावच आहे, फक्त त्याचा रंग वेगळा आहे. त्यातही तिच्या आवडीतलं जे खरं होतं तेच तुम्ही काढून घेतलंत. तेही सांगलीत, जिथे विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' उभं केलं आणि मराठी नाटकाची सुरुवात केली!

आता तुमच्या मूळ समजुतीकडे येऊ. नाव झालं की अशा डबिंगचं काम मिळतं, असं तुम्ही धरून चाललाय. यात अर्धंच खरं आहे. डिस्नीने १९९६ साली स्टुडिओ घिबली या जपानी ॲनिमेशन स्टुडिओचे चित्रपट जपानबाहेर वितरित करण्याचा करार केला, तेव्हापासून इंग्रजी आवृत्त्यांत तारे-तारका भरपूर दिसू लागले. १९९८ मध्ये 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस'ला कर्स्टन डन्स्ट, १९९९ मध्ये 'प्रिन्सेस मोनोनोके'ला क्लेअर डेन्स, बिली क्रुडप, मिनी ड्रायव्हर, जिलियन अँडरसन. कारण साधं आहे. घिबलीचे दिग्दर्शक हयाओ मियाझाकी हे नाव अमेरिकेतल्या सामान्य प्रेक्षकाला तेव्हा ठाऊक नव्हतं. पोस्टरवर छापायला आणि टीव्हीवर मुलाखतीला बसवायला ओळखीचं माणूस हवं होतं. ही माणसं तिथे पोचली ती पडद्यावर वर्षानुवर्षं अभिनय करून, आवाजाच्या नकला करून नव्हे. एवढं करूनही 'मोनोनोके'ने जपानमध्ये कमाईचे विक्रम मोडले आणि अमेरिकेत मात्र त्याला पहिल्या प्रदर्शनात २५ लाख डॉलरचाही गल्ला जमवता आला नाही. नावं तिकीट विकतातच असं नाही, हे वितरकांनाही तेव्हाच कळलं असावं.

आणि ती पोस्टरवरची यादी जरा नीट वाचा. 'द बॉय अँड द हेरॉन'मध्ये विलेम डॅफोचं नाव मोठं दिसतं, पण त्याचा पेलिकन काही मिनिटांत येऊन जातो. अख्खा चित्रपट ज्याच्या खांद्यावर आहे त्या माहितोचा आवाज लुका पाडोवानचा. किती लोकांना हे नाव माहीत आहे? 'स्पिरिटेड अवे'तला हाकू म्हणजे जेसन मार्सडन, ज्याने लहानपणापासून असंख्य कार्टून्सना आवाज दिलाय. 'टोटोरो'च्या डिस्नीवाल्या आवृत्तीत दोन बहिणींना डकोटा आणि एल फॅनिंग या सख्ख्या बहिणी घेतल्या, याची चर्चा झाली. पण त्या केसाळ प्राण्याच्या पोटातून येणारा आवाज फ्रँक वेल्करचा, ज्याला रस्त्यात कोणी ओळखणार नाही. 'युअर नेम'मध्ये तर इंग्रजीतली दोन्ही मुख्य पात्रं मायकल सिंटरनिकलास आणि स्टेफनी शे यांनी केली. दोघंही डबिंगच्या धंद्यात मुरलेले. पॅटिन्सनने बगळ्याला दिलेला आवाज त्याचा आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही, एवढी मेहनत त्यावर आहे. कौतुक करावं ते त्याचं.

तुम्हाला आणखी एक गोष्ट कोणी सांगितलेली दिसत नाही. जपानी मूळ आवृत्तीतही सगळे व्यावसायिक आवाज-कलाकार नसतात. मियाझाकींनी 'टोटोरो'मधल्या वडिलांसाठी शिगेसातो इतोई यांना घेतलं, ते जाहिरातींचे कॉपीरायटर. 'हाउल्स मूव्हिंग कॅसल'मधल्या हाउलचा आवाज ताकुया किमुरा या पॉप गायक-अभिनेत्याचा. 'द विंड रायझेस'च्या नायकासाठी तर हिदेआकी आन्नो, म्हणजे 'इव्हँजेलियन' मालिकेचे दिग्दर्शक! मियाझाकींना घोटीव, कसलेला आवाज नको होता, साधं बोलणारं माणूस हवं होतं. तुम्ही मात्र लेकीचं साधं बोलणंच घासून पुसून टाकताय.

नक्कल तीस सेकंदांची असते. डबिंगमध्ये मुलगी एकटी बूथमध्ये उभी राहणार, समोर पडदा, कानात मूळ जपानी संवाद. वाक्य ओठांच्या हालचालीत बसवायचं, धावताना धाप लागली पाहिजे, रडताना शब्द कळले पाहिजेत, आणि समोर बोलणारं दुसरं पात्र बहुतेक वेळा तिथे हजरच नसणार. हे अंगात येतं ते भूमिका केल्याने. तुम्ही बंद केलंत ते.

आपल्याकडचं चित्र वेगळं नाही. 'द लायन किंग'च्या हिंदी आवृत्तीत शाहरुख आणि आर्यन खान, २०२३ च्या स्पायडरमॅनमध्ये भारतीय स्पायडरमॅन पवित्र प्रभाकरचा हिंदी आणि पंजाबी आवाज म्हणजे शुभमन गिल. हे झालं पोस्टरचं गणित. त्याच वेळी 'बाहुबली'तला हिंदी प्रभास शरद केळकरांचा आणि 'पुष्पा'तला अल्लू अर्जुन श्रेयस तळपद्यांचा. दोघेही आधी अभिनेते. तळपदे तर मराठी रंगभूमी आणि मालिकांतून आलेले. मराठीने त्यांचा आवाज बिघडलेला दिसत नाही. लेकीला आवाजाचं काम करायचंच असेल तर ते मुंबईत आहे, हिंदीत आणि मराठीत आहे, आणि त्या कामाला लागणारी भाषा तुम्ही घरातून हद्दपार केलीय.

इंग्रजी डबिंगचं काम होतं लॉस एंजेलिसला, टेक्सासमध्ये, थोडं न्यूयॉर्कला. तिथे काम करायला व्हिसा लागतो, आणि तिथल्या लोकांनाही ते सुखाने मिळत नाही. 'मॉब सायको १००' या जपानी ॲनिमेशन मालिकेच्या मुख्य पात्राचा इंग्रजी आवाज काइल मॅकार्ली. कलाकारांच्या युनियनशी डबिंग करणाऱ्या कंपनीने बोलावं एवढी त्याची मागणी होती, आणि २०२२ च्या तिसऱ्या पर्वात त्याच्या जागी दुसरा आवाज आला. सांगलीतून वीस हजार फॉलोअरच्या जोरावर त्या रांगेत उभं राहायचं म्हणजे काय, याचा विचार करा.

मग करायचं काय? बारावी कॉमर्स नीट पूर्ण करू द्या. बीकॉम, मास मीडिया, सीए फाउंडेशन हे रस्ते तुम्हाला माहीतच आहेत. नाटकाकडे ओढ टिकली तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र किंवा मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, पण तो निर्णय दोन वर्षांनी आणि तिचा. पदवीच्या कॉलेजात गेली की एकांकिका स्पर्धा आहेतच. सांगलीत आकाशवाणीचं केंद्र आहे, तिथे तरुणांच्या कार्यक्रमांची चौकशी करायला एक फोन पुरतो. आणि जपानी चित्रपटांचं वेड खरंच असेल तर तिला जपानी शिकू द्या. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन-५ पासून एन-१ पर्यंत पाच पातळ्या असतात, वर्षातून दोनदा परीक्षा होते, पुण्यात केंद्र आहे. सबटायटल, भाषांतर, जपानी कंपन्यांतलं काम, हे ॲक्सेंटपेक्षा कितीतरी भक्कम आहे. पण आधी तिला विचारा. जपानीही ती 'आई म्हणते म्हणून' शिकणार असेल तर राहू द्या.

रील्सची सक्ती उद्यापासून बंद. तिला वाटलं तर ती करेल. आजीशी मराठी आजपासून.

आता कोर्सचं. तुम्ही संस्थेच्या फॉर्मची प्रत पत्रासोबत पाठवलीत हे बरं केलंत. त्यातलं अकरावं कलम तुम्ही वाचलेलं दिसत नाही. 'प्रशिक्षणादरम्यान रेकॉर्ड झालेला आवाज कोणत्याही माध्यमात, कोणत्याही तंत्रज्ञानाने, कायमस्वरूपी वापरण्याचा हक्क संस्थेकडे राहील.' म्हणजे उद्या तिच्या आवाजाची कृत्रिम प्रत बनवून कोणालाही विकता येईल. याच भीतीपोटी अमेरिकेतल्या व्हिडिओ गेमच्या आवाज-कलाकारांनी जुलै २०२४ पासून जवळपास वर्षभर संप केला. इथे तुम्ही तो हक्क एक लाख ऐंशी हजार वर देऊन देताय. शिवाय मुलगी अठराची नाही, म्हणून सही तुमची मागितलीय. 'हॉलिवूड स्टुडिओंशी ओळख करून देऊ' हे तोंडी सांगितलंय, फॉर्ममध्ये त्याचा एक शब्द नाही.

सही करू नका. पहिला हप्ता गेला असेल तर लेखी अर्ज देऊन तो परत मागा, अर्जाची पोच घ्या, आणि आतापर्यंत पाठवलेली रेकॉर्डिंग्ज काढून टाकल्याचं त्यांच्याकडून लेखी घ्या. ते टाळाटाळ करू लागले तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. वकील नसला तरी चालतो.

पुढचं पत्र तिने लिहावं. मराठीत.