डिजेरिडू कसं बनवतात, आणि वाजवणाऱ्याला ते कळावं लागतं का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. डिजेरिडू, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवासी (अ‍ॅबोरिजिनल) लोकांचं लांब पोकळ फुंकून वाजवायचं वाद्य, बनवतात कसं, गोव्याच्या बाजारात मिळतं ते चालेल का, आणि वाजवणाऱ्याला बनवण्यातलं काही कळावं लागतं का. घोरण्यावर उपाय म्हणून शिकायचंय असंही लिहिलंय. तिसऱ्या प्रश्नावरून माझं आणि माझ्या साडूचं नऊ वर्षं वाजतंय, तेव्हा उत्तर लांबणार. घाई असेल तर पीव्हीसी पाइपचा परिच्छेद खाली आहे, थेट तिकडे जा.

"डिजेरिडू माणूस बनवत नाही, वाळवी बनवते" असं जो म्हणेल त्याच्याकडून वाद्य घेऊ नका. वाळवी पोकळ खोड बनवते. उत्तर ऑस्ट्रेलियात पोकळ खोडं चालाल तितकी आहेत. त्यातलं वाजणारं कुठलं, हे वाळवीला कुठे ठाऊक असतं?

मी मूळचा मिरजेचा. वडील एका सतारमेकरांकडे दांडीकाम करायचे. मंगळवेढा-पंढरपूरकडून भोपळे आले की पोत्याजवळ बसून टिचक्या मारत निवड चालायची, आणि सुट्टीत मीही त्यात असायचो. पुढे मी इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला. आमच्या घरात इन्स्ट्रुमेंट म्हणजे तंबोरा, त्यामुळे आजीची शेवटपर्यंत समजूत होती की नातू परदेशात तंबोरे दुरुस्त करतो. प्रत्यक्षात 2009 ते 2014 मी न्हुलनबायच्या अ‍ॅल्युमिना रिफायनरीत प्रेशर ट्रान्समीटर, म्हणजे दाब मोजणारी उपकरणं, कॅलिब्रेट करत होतो. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडचं ईशान्य टोक. आमच्या गावापासून गाडीनं वीसेक मिनिटांवर यिरकला, तिथल्या मूळनिवासी योल्ङू लोकांचं गाव. ज्याला जग डिजेरिडू म्हणतं त्याला तिथे यिडाकी म्हणतात आणि पश्चिम आर्नहेमात मागो. 'डिजेरिडू' हे गोऱ्यांनी कानाला जसं ऐकू आलं तसं ठेवलेलं नाव.

यिरकलाच्या बुकू-लार्रङ्गाय मुल्का कलाकेंद्रात एका कारागिराशी ओळख झाली. त्याचं नाव लिहीत नाही. तो आता नाही, आणि तिकडे वारलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. तो मला 'वावा' म्हणायचा, म्हणजे भाऊ. माझे वडील वाद्याचं लाकूडकाम करतात म्हटल्यावर पहिला प्रश्न आला, "झाड कोण निवडतं?" मी म्हटलं, लाकूड वखारीतून येतं. त्यावर तो जरा वेळ गप्पच बसला.

एका शनिवारी तो मला जंगलात घेऊन गेला. हे रीतसर परवाना काढून, आणि त्याच्या कुळाच्या जमिनीवर. तिथे कोणीही उठून कुऱ्हाड घेऊन जात नाही. झाड म्हणजे स्ट्रिंगीबार्क, निलगिरीच्या जातीतलं, त्यांच्या भाषेत गडायका. वाळवी त्याचा आतला मेलेला गाभा खाते आणि बाहेरचा ओला, जिवंत थर सोडते. म्हणून झाड वरून हिरवंगार आणि आतून रिकामं. आपल्याकडे चौकटीला वाळवी लागली की घरात सुतक पडल्यासारखं होतं, इथे हा माणूस ती शोधत हिंडत होता.

कुऱ्हाडीच्या पाठीनं खोडावर ठक्. ऐकायचं. थोडं वर ठक्. पुढचं झाड. बहुतेक झाडांना तो एका ठोक्यात नाही म्हणायचा. दहा-बारा झाडांनंतर मला राहवेना. मिरजेचा पोरगा, टिचकीवर भोपळा ओळखणारा! मी एक खोड ठोकलं, मस्त घुमलं. म्हटलं, हेच. त्यानं मान हलवली. मी हट्ट धरला. त्यानं एक शब्द न बोलता ते तोडलं, दोन्ही टोकं छाटली आणि नळी माझ्या डोळ्याला लावली. पलीकडे आख्खी मोटार दिसली. दोन्हीकडे मूठ जाईल एवढं भोक. तो म्हणाला, "ड्रेनपाइप." आणि इतका हसला की खाली बसला.

माझी चूक साधी होती. मी पोकळपणा ऐकत होतो, तो भिंत ऐकत होता. पोकळ तर सगळीच होती. वरच्या बाजूला भिंत जाड आणि भोक दोन बोटांचं, खाली मुळाकडे रुंद होत जाणारं, मध्ये कुठे मातीचा बोळा अडकलेला नाही आणि कुठे एकदम फुगवटा नाही, एवढं सगळं तो बाहेरून दोन-तीन ठोक्यांत धरायचा. दिवसभरात तीस-चाळीस झाडं ठोकली. तोडली चार, त्यातलं एक माझ्या हट्टाचं.

पुढचं काम बघायला तितकं भारी नाही. साल सोलायची, बाहेरून तासून भिंत हलकी करायची. आत लांब काठी घालून वाळवीची माती खरवडायची, पाणी ओतून हलवायचं, पुन्हा खरवडायचं. मग फुंकून बघायचं. टोकाचा बोटभर तुकडा कापायचा, पुन्हा फुंकायचं. अर्धा दिवस हेच. तोंडाकडचं भोक मोठं असलं तर मेण लावून लहान करतात. जंगलात डंख नसलेल्या मधमाश्या असतात, त्यांचं काळपट मेण. त्या दिवशीच्या खोडातून झालेल्या माझ्या यिडाकीला मेण नाही, लाकडाचीच कड घासून गोल केलीये. शेवटी आतून-बाहेरून पातळ केलेल्या फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाचा हात. हो, हार्डवेअरच्या दुकानातला गोंद. हे सांगितलं की आध्यात्मिक मंडळींचे चेहरे पडतात.

फुंकून तो बघत काय होता? माझा समज की मूळ स्वर. तो त्यानं दोन फुंकरांत सोडून दिला. तो पुनःपुन्हा ओठ आवळून वरचा स्वर काढत होता, तुतारीसारखा 'टूऽट'. ईशान्य आर्नहेमच्या वादनात हा टूट तालातली जागा दाखवायला लागतो, तो चटकन् लागला पाहिजे. सरळ नळीत हा स्वर मूळ सा धरला तर पुढच्या सप्तकाच्या पंचमावर जातो. नळी खाली रुंदावत गेली की तो उतरून गंधाराकडे येतो. म्हणजे झाड उभं असताना, साल अंगावर असताना, हा माणूस टूट कुठे लागेल याचा अंदाज बांधत होता. माझी यिडाकी साडेचार फुटांची आहे, मूळ स्वर पेटीवर पांढरी तीन, खाली खर्जात. टूट असा लागतो की शेजारचं कुत्रं उठून बसतं.

आता साडू. 2014 मध्ये रिफायनरी बंद पडली, आम्ही मेलबर्नला आलो. साडू आधीपासून तिथे. दोन कार्यशाळा करून डिजेरिडू शिकलेला, फ्यूजन बँडमध्ये वाजवतो, आणि बरा वाजवतो हे कबूल करतो. एका गणेशोत्सवात माझी यिडाकी मागून नेली. स्टेजवर माइक हातात घेऊन म्हणतो, "हे जगातलं एकमेव वाद्य जे माणूस बनवत नाही, वाळवी बनवते. बाकी सगळं वादकाच्या ओठात." टाळ्या. मी तिसऱ्या रांगेत बसलेलो. मला मिरजेच्या सतारमेकरांच्या दुकानातला एक प्रसंग आठवला. एक मोठे गवई आले, नव्या तंबोऱ्यावर बोटं फिरवली, "वा, काय बोलतोय" म्हणाले, शेठना किंमत विचारली आणि गेले. वडील हातभर अंतरावर रंधा घेऊन बसले होते, त्यांच्याकडे बघितलंही नाही. वडील रात्री एवढंच बोलले की अंगठीनं पॉलिश घासलं त्यांनी.

साडूशी भांडलो तर त्यानं शास्त्र काढलं. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2005 मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलंय की डिजेरिडूच्या आवाजाचा रंग वादकाच्या तोंडाच्या पोकळीतून येतो. जीभ वर-खाली केली की तोंडातले अनुनाद, म्हणजे पोकळीचं घुमणं, आवाजातले काही पट्टे दाबतात, उरलेले उठून ऐकू येतात, जवळपास आपण स्वर बदलून आ-ई म्हणतो तसं. म्हणजे सगळं वादकाचं, झालं सिद्ध! हा शोध खरा आहे. पण त्याच गटाचं 2007 चं काम साडूनं वाचलं नव्हतं. 38 डिजेरिडू घेतले, सात अनुभवी वादकांकडून त्यांची प्रत ठरवून घेतली आणि नळ्या मोजल्या. वादकांनी जे उत्तम म्हटले त्यांच्यात 1 ते 2 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात नळीचा स्वतःचा अडथळा, म्हणजे इम्पीडन्सची शिखरं, कमी होती. वादक जिभेनं रंग भरतो तो मुख्यतः याच पट्ट्यात. नळी तिथे गप्प असेल तर तुमची जीभ ऐकू येणार, नाहीतर नळीच बडबडणार. आणि ते गप्प खोड कोणी शोधलं? साडू म्हणाला, "योगायोगानं सापडतं." एकदा जंगलात चल म्हटलं, तर सुट्टी नाही म्हणाला.

शिवाय यिडाकी त्यानं परत केली ती जानेवारीत, गाडीच्या डिकीत चार दिवस ठेवून. चाळीस अंशांत वीतभर तडा. लाकडाचा भुसा आणि गोंद मीच भरला, वरून दोरा आवळून बांधला. "आवाज जरा बसलाय का रे?" हे वर त्यानंच विचारलं. ज्याला आपल्या हातातलं लाकूड कसं वाळतं एवढंही माहीत नाही त्यानं वाद्य कशाला उसनं न्यावं? वाजवणाऱ्याला बनवण्यातलं कळावं लागतं का, याला माझं उत्तर हो असं आहे, निदान वाद्य डिकीत ठेवू नये एवढं तरी.

बरं, तुमचं. घोरण्यासाठी लाकडाचं घेऊच नका. स्वित्झर्लंडमध्ये झोपेत श्वास अडकणाऱ्या 25 जणांवर अभ्यास झाला, 2006 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला, आणि 2017 मध्ये त्याला इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीसही, मिळालं. त्यातल्या 14 जणांना चार महिने वाजवायला लावलं. आठवड्याला जवळपास सहा दिवस, दिवसाला 25 मिनिटं. दिवसाची पेंग कमी झाली, श्वास अडकणंही कमी झालं. त्यांनी प्लास्टिकच्याच नळ्या वापरल्या होत्या. प्लंबिंगच्या दुकानातून दीड इंची पीव्हीसी पाइप सवाचार फूट कापून घ्या, कड घासा, वर मेणाची वळी लावून भोक तीन सेंटिमीटरच्या आसपास आणा. ओठ सैल सोडून घोड्यासारखं फुर्र करा. गाल दाबून हवा सोडता सोडता नाकानं श्वास घेणं महिन्या-दीड महिन्यात येतं. सनईवाले हेच करतात, कोणी ओळखीचा असेल तर त्याच्याकडून शिका. आधी डॉक्टरांना दाखवा मात्र, झोपताना श्वासाचं मशीन लावायला सांगितलं असेल तर पाइप फुंकून ते सोडू नका.

गोव्यातलं: हणजुणेच्या बाजारात बांबूचं नाहीतर सागाचं मिळतं, बऱ्याचदा लाकूड उभं चिरून, कोरून, परत चिकटवलेलं. वाजतं. हौस म्हणून घ्या. पण वर ठिपक्यांची नक्षी काढून 'अस्सल अ‍ॅबोरिजिनल' म्हणून विकत असतील तर घेऊ नका. हा धंदा ऑस्ट्रेलियातही चालतो. इंडोनेशियात बनवलेला असला माल विकल्याबद्दल एका घाऊक कंपनीला 2019 मध्ये तिथल्या फेडरल कोर्टानं 23 लाख डॉलर दंड ठोकला. अस्सल हवंच असेल तर कारागिराचं नाव आणि गाव विचारा. सांगता आलं नाही तर पुढे चला.

दोन गोष्टी मलाच टोचतात म्हणून सांगतो. मी बांबूला नावं ठेवली असं वाटेल, पण 1835 च्या एका प्रवासवर्णनात उत्तर ऑस्ट्रेलियातल्या कोबर्ग द्वीपकल्पावरच्या माणसाच्या हातातलं हे वाद्य बांबूचंच आहे. तेव्हा बांबू म्हणजे नकली असं नाही. आणि आर्नहेममधलेही सगळे वाजवणारे स्वतः बनवतात असं नाही, हे साडूनं अजून पकडलेलं नाही, त्याला सांगू नका.

ते माझ्या हट्टाचं ड्रेनपाइप मी टाकलं नाही. मेलबर्नच्या घरात दाराशी उभं आहे, त्यात छत्र्या ठेवतो. गेल्या महिन्यात साडू जेवायला आला, पाऊस होता, छत्री त्यात खोचताना म्हणाला, "हे पण तिकडचंच का?" म्हटलं, हो. तेच जंगल, तीच वाळवी, तुझ्या हातात होती तिच्यापासून शंभर पावलांवरचं. छत्र्या काढल्या आणि त्याच्या हातात दिलं. म्हटलं, ओठ तुझे आहेतच.

चांगली दहा मिनिटं फुंकत होता. बायकोनं देवघरातली मेणबत्ती वितळवून त्याला कड करून दिली, तरी नाही. नुसती फुस्स हवा आणि छत्रीचं पाणी शर्टावर. शेवटी ते खाली ठेवून म्हणाला, "याला तडा असेल कुठेतरी." आणि पानावर जाऊन बसला.