पैसे आले, पोच कुणी द्यायची?

प्रश्न : विट्यात माझी लहानशी खासगी शिकवणी आहे. शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिकांचं अँड्रॉइड अ‍ॅप मी स्वतःच शिकून बनवलं. पाच पेपर फुकट, उरलेल्या तीस पेपरांचे एकदाच 99 रुपये. पहिल्या महिन्यात 43 जणांनी घेतलं. त्यातल्या 9 जणांचे पैसे तीन दिवसांनी आपोआप परत गेले. मागितले कुणीच नव्हते! हे पालक म्हणतात, पैसे कापले गेले पण पेपर उघडलेच नाहीत. माझ्या फोनवर मात्र दर वेळी बरोबर चालतं. कोड सोबत पाठवत आहे. काही पालक म्हणतात, सरळ क्यूआर कोड लावा, कमिशन कशाला भरता? आयफोनवाले वेगळेच मागे लागलेत. काय करू?
– एक वाचक, विटा

उत्तर : सर, पत्रात ‘तीन दिवसांनी’ वाचलं आणि कोड उघडायच्या आधीच चोर सापडला.

गूगल प्लेच्या हिशेबात ग्राहकाने पैसे दिले म्हणजे विक्री पुरी झाली असं नसतं. ‘खरेदी पोचली’ अशी पोच अ‍ॅपने 3 दिवसांच्या आत द्यावी लागते. कोडात तिला अ‍ॅक्नॉलेज म्हणतात. ती गेली नाही तर गूगल पैसे परत करतं आणि खरेदी रद्द करतं. पैसे भरून हात हलवत बसलेल्या ग्राहकाकडून पाहिलं तर नियम रास्तच आहे.

तुम्ही पोच देता, पण एकाच ठिकाणी : खरेदीचा निरोप अ‍ॅपला येतो त्या फंक्शनमध्ये. आता पालक पैसे कसे देतात ते डोळ्यांसमोर आणा. 99 वर बोट ठेवलं, यूपीआय निवडलं, पैशांचं अ‍ॅप उघडलं, पिन चुकला, मध्येच सासरवाडीचा फोन आला. तेवढ्या वेळात कमी मेमरीच्या फोनने तुमचं अ‍ॅप गुपचूप बंद करून टाकलं. नंतर पैसे गेले, पण निरोप घ्यायला घरात कुणी नव्हतं. पेपर उघडले नाहीत, पोच गेली नाही, तीन दिवसांनी पैसे परत. तुमचे नऊही जण याच वाटेने गेले असावेत असा माझा कयास आहे.

म्हणून निरोपाची वाट बघत बसू नका, आपणच विचारायला जा. अ‍ॅप उघडलं की आणि मागून पुढे आलं की दर वेळी, म्हणजे ऑन-रिझ्यूममध्ये, क्वेरी-पर्चेसेस हाक मारून विचारायचं, ‘या खात्यावर काय घेतलेलं आहे?’ जे घेतलेलं असेल ते उघडायचं आणि पोच बाकी असेल तर तिथेच द्यायची. एक खबरदारी घ्या. खरेदीची अवस्था ‘पेंडिंग’ असेल तर पेपर उघडू नका, पोचही देऊ नका. पैसे अजून वाटेत आहेत. अवस्था ‘पर्चेस्ड’ झाली की मगच.

तुमच्या फोनवर सगळं चाललं, कारण तुम्ही लायसन्स टेस्टर (खरे पैसे न देता खरेदी तपासायची परवानगी असलेलं खातं) म्हणून नेहमी मंजूर होणारं चाचणी कार्ड वापरलंत. चाचणी कार्डांच्या त्या यादीत काही मिनिटांनी मंजूर होणारं कार्डही असतं. ते निवडा, पैसे दिल्यावर अ‍ॅप बोटाने सरकवून मारून टाका आणि पुन्हा उघडा. टेस्टरसाठी पोचेची मुदत 3 दिवसांऐवजी 3 मिनिटं असते, त्यामुळे चहा होईपर्यंत निकाल हातात.

दुसरी गोष्ट मी स्वतः ठेच खाऊन शिकले. माझं भिशीचा हिशेब ठेवायचं अ‍ॅप आहे. सुरुवातीला नमुन्याचा कोड तसाच उचलला आणि कायमची खरेदीही ‘कन्झ्यूम’ करून टाकली. ते असतं खेळातल्या नाण्यांसाठी, संपली की पुन्हा विकत घ्यायची. इचलकरंजीच्या एका काकूंनी फोन बदलला आणि नव्या फोनवर त्यांची खरेदी दिसेचना. दिसणार कशी? हिशेबाने ती मी खाऊन टाकली होती. ‘अगं, भिशीत असं केलं असतंस तर बायकांनी सोडलं असतं का तुला?’ हे त्यांचे शब्द. तुमचे तीस पेपर कायमचे आहेत, तेव्हा फक्त पोच द्या, कन्झ्यूम नको. आणि ‘घेतलं आहे’ एवढी खूण फोनच्या मेमरीत ठेवून तिच्यावर विसंबू नका. अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं की ती जाते.

क्यूआरचा मोह मलाही झाला होता. पण अ‍ॅपमध्ये वापरायची डिजिटल गोष्ट परस्पर क्यूआरवर विकणं प्लेच्या नियमात बसत नाही. अ‍ॅपच काढून टाकतील. प्लेचंच बिलिंग वापरायच्या याच सक्तीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑक्टोबर 2022 रोजी गूगलला 936.44 कोटींचा दंड केला. दुसरी बिलिंग पद्धत जोडायची सोय भारतात आली, पण तिथे कमिशन 4 टक्क्यांनीच उतरतं, आणि पेमेंट गेटवेचं शुल्क व जोडणीची डोकेदुखी तुमच्याकडे येते. 2021 पासून वर्षाच्या पहिल्या 10 लाख डॉलर कमाईवर प्लेचं कमिशन 15 टक्केच आहे. कर बाजूला ठेवला तर 99 तले 84 रुपये 15 पैसे हाती लागतात. तुमच्या आकाराच्या धंद्याला हे मला महाग वाटत नाही. छापील पेपरसंच कुरियरने पाठवणार असाल, तर त्याचे पैसे खुशाल यूपीआयने घ्या. वस्तूंना प्लेचं बिलिंग लागतच नाही.

आयफोन सध्या राहू द्या. पुढे गेलातच तर ‘खरेदी परत मिळवा’ असं बटण ठेवा. ॲपलच्या पेड अ‍ॅप्सच्या करारावर सही करून बँकेचे आणि कराचे तपशील भरा, नाहीतर विकायच्या गोष्टींची यादी अ‍ॅपमध्ये रिकामीच येते. मी ती सही विसरले आणि दोन दिवस स्वतःच्या कोडात चूक शोधत बसले.

राहिले ते नऊ पालक. त्यांना पुन्हा 99 मागू नका. प्ले कन्सोलमधून (जिथून तुम्ही अ‍ॅप चढवता) प्रोमो कोड, म्हणजे फुकट खरेदीची कुपनं, काढता येतात, तिमाहीला 500 पर्यंत. तो कोड अ‍ॅपबाहेर, थेट प्ले स्टोअरमध्येही वापरता येतो. म्हणजे तिथेही निरोप घ्यायला तुमचं अ‍ॅप घरात नसेल. तेव्हा आधी दुरुस्ती करून नवी आवृत्ती चढवा, ती त्या नऊ फोनांवर पोचू द्या, आणि मगच कोड वाटा.